एका रात्रीत गेलेली दृष्टी : उतारवयातील नेत्रसंकटांचा इतिहास

माळव्यातील, बडोद्याकडील वा तंजावरच्या जुन्या मराठी घरांत डोळ्यांविषयी एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे : ‘मोतीबिंदू आहे, पिकू द्या.’ साठी उलटलेल्या माणसाने ‘दिसत नाही’ म्हटले की घरातील वडीलधारे हे वाक्य उच्चारीत, आणि विषय तेथेच मिटे. हा सल्ला अडाणीपणाचा होता असे समजण्याचे कारण नाही. तो आपल्या काळी अगदी शास्त्रशुद्ध होता, आणि तो का होता हे पुढे येईलच. तथापि या सल्ल्याच्या सावलीत आणखी एक गोष्ट घडली. हळूहळू अंधुक होणारी दृष्टी आणि एका रात्रीत, कधी एका क्षणात, गेलेली दृष्टी यांतील भेद घराघरांतून पुसला गेला. दोन्हींना एकच उत्तर मिळू लागले : वाट पाहा. वैद्यकाला हा भेद नीट कळायला किती शतके लागली, त्याचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे. आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर सरकारी कागद वाचले, निवृत्तीनंतर हे कागद वाचले, इतकेच.

आपल्याकडील परंपरेपासून आरंभ करणे योग्य. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी शलाकेने दूर करावयाच्या लिंगनाशाची चर्चा बहुतेकांनी ऐकलेली असते, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा जगातील एक अतिप्राचीन वृत्तांत म्हणून तिचा उल्लेख सर्वत्र होतो. आमच्या मते त्याहून नवलाची जागा वेगळी आहे. ‘अधिमंथ’ नावाच्या रोगाचे वर्णन तेथे येते. मंथ म्हणजे घुसळणे. डोळा उपटला जावा, घुसळला जावा अशी वेदना, आणि तिच्याबरोबर अर्धे डोके ठणकणे, असे त्याचे लक्षण. आधुनिक काळातील अनेक अभ्यासकांनी हे वर्णन आज ज्याला तीव्र काचबिंदू म्हणतात त्याच्याशी जुळवून पाहिले आहे. ग्रंथकार एवढ्यावर थांबत नाही. हयगय केली तर दृष्टी किती काळात जाईल, याची तो मुदतच देतो : कफाचा अधिमंथ सात रात्रींत, वाताचा सहा रात्रींत, रक्ताचा पाच रात्रींत, आणि पित्ताचा तत्काळ. दोषांची ही विभागणी आज कोणी मानो वा न मानो. डोळ्याचे काही रोग दिवस आणि रात्री मोजण्याचे असतात, ही जाणीव त्या मुदतीत स्वच्छ आहे. शलाकेचा वारसा आपण अभिमानाने मिरवला, मुदतीचा मात्र विसरलो.

काचबिंदू या शब्दानेही घोटाळ्यात भर घातली आहे. प्राचीन ग्रंथांत ‘काच’ हा शब्द तिमिराच्या पुढच्या अवस्थेसाठी येतो. आजच्या काचबिंदूशी त्याचा थेट संबंध लावणे कठीण आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे शब्द कानाला जुळ्या भावांसारखे वाटतात. रोग मात्र पूर्णतः भिन्न. पहिल्यात डोळ्यातील भिंग गढूळ होते, आणि गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. दुसऱ्यात डोळ्यातील दाबाने दृष्टीची नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. हिंदी मुलुखात ‘मोतिया’ आणि ‘काला मोतिया’ असे म्हणतात. तेथेही तोच घोटाळा. शिवाय मोतिया ‘उतरतो’ असे म्हणण्याची रीत आहे. तिचे मूळ युनानी वैद्यकात सापडते. अरबी वैद्य या विकाराला ‘नुजूल-उल-मा’, म्हणजे पाणी उतरणे, असे म्हणत. डोक्यातून एक द्रव उतरून बाहुलीमागे साचतो अशी त्यांची समजूत होती. युरोपीय भाषांतील ‘कॅटरॅक्ट’ या शब्दाचा अर्थही धबधबाच. साचलेले ते पाणी नसून गढूळलेले भिंगच आहे, हे फ्रान्समधील ब्रिसो याने १७०५ साली शवविच्छेदनात पाहिले, तेव्हा कोठे ही समजूत डळमळू लागली.

तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, गावोगाव फिरणारे सळईवाले हेच सामान्यांचे नेत्रवैद्य होते. उत्तरेत त्यांना सथिये म्हणत. सळई डोळ्यात घालून गढूळ भिंग मागच्या पोकळीत ढकलायचे, की त्या क्षणी रोग्याला समोरचा हात दिसू लागे. बिदागी त्याच वेळी घेतली जाई. पुढे आत पडलेल्या भिंगामुळे डोळा सुजे, दाब वाढे, आणि अनेकांची आलेली दृष्टी ठणक्यासह जाई. तोपर्यंत सळईवाला पुढच्या गावी पोहोचलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या हिंदुस्थानी पद्धतीवर १९१७ च्या सुमारास एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मात्र हा प्रकार केवळ आपल्याकडचा होता असे कोणी समजू नये. संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर १७५० साली असाच एक फिरता इंग्रज नेत्रवैद्य सळई चालवून गेला. बाखला दृष्टी तर मिळाली नाहीच, त्याच वर्षी त्याचा अंत झाला.

या सगळ्या पार्श्वभूमीवर तंजावरचे एक दालन आपणा मराठी माणसांना विशेष जिव्हाळ्याचे वाटावे. शरभोजी महाराज, दुसरे, १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. राज्याचा कारभार कंपनीने काढून घेतल्यावर उरलेले आयुष्य या राजाने ग्रंथ, संगीत आणि वैद्यक यांना दिले. त्याच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत आणि रोग्यांवर उपचार होत. तेथील नेत्ररोग्यांच्या चाळीसहून अधिक नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांसोबत रोग्यांच्या डोळ्यांची हाताने काढलेली चित्रेही आहेत. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी अलीकडे त्यांचा अभ्यास करून तो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक नोंदी मोतीबिंदूच्या आहेत. आम्ही कागदपत्रांत हयात घालवलेली माणसे. आम्हांस त्यातील शस्त्रक्रियेपेक्षा नोंदीची शिस्त मोठी वाटते. सळईवाला नोंद ठेवीत नसे, म्हणून त्याला आपल्या हाताखालून गेलेल्या डोळ्यांचे पुढे काय झाले हे कधी कळलेच नाही.

आता ‘पिकू द्या’ या वाक्याकडे वळू. फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल याने १७४७ साली भिंग मागे ढकलण्याऐवजी डोळ्यातून बाहेर काढले आणि १७५३ साली आपला वृत्तांत छापला. ही क्रांती होती. पण तिची एक अट होती. कच्च्या मोतीबिंदूचा मऊ गर पूर्ण निघत नसे, आत चिकटून राही, आणि डोळा पेटे. पिकलेला मोतीबिंदू घट्ट होऊन सुटसुटीत बाहेर येई. शिवाय भिंग काढल्यावर रोग्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. तेव्हा दृष्टी पुरती निकामी होईपर्यंत थांबण्यातच शहाणपण होते. म्हणजे आपले वडीलधारे सांगत ते त्या काळच्या उत्तम शल्यचिकित्सकांचेच मत होते. उत्तर कर्नाटकातील बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव शिबिरे भरवून एका दिवसात शेकडो डोळे मोकळे करीत, ते याच जुन्या पद्धतीने. बेळगाव-विजापूरकडील आमच्या पिढीच्या वाचकांना त्या शिबिरांच्या रांगा आठवत असतील.

ही अट मोडली ती दोन टप्प्यांत. लढाऊ विमानांच्या तावदानाचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात रुतूनही डोळा बिघडत नाही, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी महायुद्धात पाहिले होते; त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले. अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. पिकण्याचे प्रयोजन त्याबरोबर संपले. आपल्याकडे हे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला आणखी काही दशके लागली. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, मदुराईला १९९२ पासून स्वस्त भिंगे तयार होऊ लागली, आणि १९९४ ते २००१ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र आदी सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी योजना राबवली गेली. भिंगे बदलली, घराघरांतील वाक्य मात्र बदलले नाही. आज तर त्यात धोका आहे. अति पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातील पाण्याची वाट बुजवतो, किंवा त्याचा गर पाझरून तीच वाट तुंबते; मग वर्षानुवर्षे निमूट असलेला डोळा एके दिवशी लाल होऊन ठणकू लागतो. वाट पाहण्याचा सल्लाच अशा वेळी संकट ओढवून आणतो.

तुंबण्याचा हा विषय निघालाच आहे तर त्याचा इतिहास पाहू. डोळ्यात एक पाणी सतत तयार होत असते आणि बुबुळाच्या कडेच्या चिंचोळ्या कोपऱ्यातून निचरत असते. काहींचा हा कोपरा जन्मतःच अरुंद असतो. वयाबरोबर भिंग जाड होते आणि कोपरा आणखी आकसतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात बाहुली मोठी झाली की एखाद्या दिवशी वाट पुरती बंद होते. दाब काही तासांत भडकतो. दिव्याभोवती इंद्रधनुष्यी कडी दिसतात, डोळा दगडासारखा टणक होतो, डोके फुटते, आणि उलट्या सुरू होतात. हा प्रकार युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत अधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. त्यातील उलट्यांनीच आमच्या समाजाचा घात केला. आमच्या लहानपणी देवासच्या आत्याबाईंना एका संध्याकाळी असेच डोके धरून बसावे लागले. घरात निदान झाले ‘पित्त’. सूतशेखर, आलेपाक, कपाळाला सुंठीचा लेप असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी उलट्या थांबल्या, सर्वांना हायसे वाटले, आणि त्या डोळ्याला दिसेनासे झाले आहे हे आत्याबाईंनीच दुसरा डोळा हाताने झाकून सांगितले. कोणाचा दोष होता असे आम्ही म्हणत नाही. उलटीचा उगम पोटाऐवजी डोळ्यात असू शकतो, हे त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हते.

खरे तर त्यावर उपाय तोपर्यंत शंभर वर्षांचा जुना झाला होता. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याने १८५७ साली बुबुळाच्या रंगीत पडद्याचा लहानसा तुकडा कापून पाण्याला नवी वाट करून दिली, आणि तोवर हमखास अंधत्व आणणारा हा रोग पहिल्यांदा आवरला गेला. अवघे ४२ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या माणसाने एकट्याने जितके काम केले तितके एखाद्या खात्याकडून होत नाही. पुढे १८७६ मध्ये लुडविग लाक्वॉर याने बाहुली आकुंचित करणारे औषध वापरात आणले. तो स्वतःच काचबिंदूचा रोगी होता. आज तीच वाट लेसरच्या किरणाने काही मिनिटांत करून देतात, आणि दुसऱ्या डोळ्यालाही आधीच करून ठेवतात, कारण एका डोळ्याचा कोपरा अरुंद असला की दुसऱ्याचाही बहुधा असतोच.

वेदना असलेल्या रोगाचे एक बरे असते. माणूस निदान ओरडतो. ज्यात काहीच दुखत नाही आणि दृष्टी जाते, त्या रोगांचे काय, हे कोडे मात्र १८५१ पर्यंत सुटण्याजोगेच नव्हते. बाहेरून डोळा निर्मळ, आत अंधार. जर्मन वैद्यांत एक विनोद प्रचलित होता, की या रोगात रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही. तो काळ पालटला हेर्मान हेल्महोल्ट्झच्या उपकरणाने. डोळ्याच्या आत प्रकाश पाठवून त्याच वाटेने आतला पडदा पाहता येईल असे साधन त्याने १८५० मध्ये बनवले आणि १८५१ मध्ये त्याची माहिती छापली. तसेच एक साधन गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याने १८४७ साली बनवून एका इंग्रज नेत्रवैद्याला दाखवले होते. त्याला त्यातून काही दिसले नाही, आणि ते बाजूला पडले. फायलीवर ‘पाहिले, दप्तरी दाखल’ असा शेरा मारून किती गोष्टी पुरल्या जातात, हे सरकारी नोकरी केलेल्यास निराळे सांगायला नको.

या उपकरणातून ग्रेफेने १८५९ साली जे पाहिले ते आजच्या आपल्या पिढीला सर्वांत अधिक कळायला हवे. हृदयविकार असलेल्या एका रोग्याची एका डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली होती. पडद्याच्या मुख्य रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली होती. म्हणजे मेंदूचा झटका येतो तसाच हा डोळ्याचा झटका. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, आणि दोहोंना रक्त पुरवणारी गळ्यातील धमनी एकच. मॉन्ट्रियलचे मिलर फिशर यांनी १९५१-५२ मध्ये त्याचा दुसरा धागा पकडला. अर्धांगवायू झालेल्यांना पूर्वी काय झाले होते हे ते खोदून विचारीत. काहींनी सांगितले, की आधी काही आठवडे एका डोळ्यापुढे दोन-चार मिनिटे पडदा आल्यासारखे होऊन पुन्हा स्वच्छ दिसू लागले होते. गळ्यातील धमनीतून सुटलेल्या कणांची ती सूचना होती. ‘दिसेनासे झाले होते, पण आता बरे आहे’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होणे किती चुकीचे, हे तेव्हापासून वैद्यकाला ठाऊक आहे.

हातात वेळ किती असतो, या प्रश्नाचे उत्तर एका भारतीयानेच शोधले. पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखवले, की रक्त थांबल्यावर पडदा सुमारे दीड तास तग धरतो. चार तासांनंतर मात्र हानी प्रचंड आणि कायमची असते. सुश्रुताने रात्री मोजल्या होत्या; येथे तास मोजावे लागतात. गेलेली दृष्टी परत आणणारा खात्रीचा उपाय या रोगावर अजून हाती नाही, हेही खरे. तरीही अशा रोग्याला त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात नेण्याचा आग्रह आज धरला जातो, कारण डोळ्याला आलेला झटका पुढच्या काही दिवसांत मेंदूला येण्याचा धोका मोठा असतो, आणि तो टाळता येतो.

याच जातीचा आणखी एक रोग युरोपच्या उत्तरेकडे अधिक आणि आपल्याकडे कमी दिसतो, म्हणून त्याविषयी थोडक्यातच. दहाव्या-अकराव्या शतकातील बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा याने कानशिलाच्या शिरांचा आणि दृष्टिनाशाचा संबंध नोंदवला होता. लंडनच्या जोनाथन हचिन्सनने १८९० मध्ये ऐंशीपुढील एका गृहस्थाची हकीकत लिहिली, ज्याला कानशिलाच्या लाल दुखऱ्या शिरांमुळे टोपी घालणे अशक्य झाले होते. अमेरिकेतील हॉर्टन यांनी १९३२ मध्ये ही धमनीची सूज आहे हे दाखवले. केस विंचरताना डोके दुखणे, चावताना जबडा दुखणे ही त्याची पूर्वसूचना. एक डोळा गेला तर दुसरा काही दिवसांत जाऊ शकतो. स्टेरॉइड औषधे हाती आल्यापासून तो दुसरा डोळा वाचवता येतो.

पडदा सुटण्याची कथा अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक गर वयाबरोबर आकसतो आणि पडद्यापासून ओढला जातो. तेव्हा डोळ्यापुढे माश्या वा जाळी तरंगू लागते, अंधारात कडेला विजा चमकतात. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. काहींच्या पडद्याला मात्र या ओढीत भोक पडते, आतून पाणी शिरते, आणि भिंतीवरचा ओला रंग पोपडा धरून सुटावा तसा पडदा सुटत जातो. माणसाला एका कडेने काळी सावली सरकत आल्यासारखी दिसते. एकोणिसाव्या शतकात यावर उपाय म्हणजे दोन्ही डोळे बांधून आठवडेच्या आठवडे उताणे पडून राहणे. गुण येई तो हजारात एखाद्याला. लोझानच्या जूल गोनँ यांनी बरीच वर्षे हे डोळे तपासून एक साधी गोष्ट सांगितली : आधी भोक शोधा आणि ते बुजवा. १९१९-२० च्या सुमारास त्यांनी तापलेल्या टोकाने डोळ्याच्या बाहेरून त्या भोकाच्या जागी डाग देऊन ते चिकटवले. समव्यवसायी मंडळींनी दहा वर्षे नाके मुरडली. १९२९ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेत त्यांना मानावे लागले. आज भोक लवकर सापडले तर लेसरने त्याभोवती कुंपण घालून पडदा सुटण्याआधीच थांबवतात. सावली दृष्टीच्या मध्यबिंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याजोगी दृष्टी राहते. मध्यबिंदू सुटल्यावर पडदा बसवला तरी पूर्वीचे दिसणे बहुधा येत नाही. हा हिशेब पुष्कळदा एक-दोन दिवसांचा असतो, आणि आपल्याकडे तेच दिवस ‘चष्म्याचा नंबर बदलला असेल’ या समजुतीत जातात. मधुमेह्यांच्या डोळ्यात एकाएकी होणारा रक्तस्रावही प्रथम अशाच तरंगत्या काळ्या धाग्यांनी दिसतो.

गोनँ यांचे शिष्य मार्क आम्सलर. त्यांचे नाव एका चौकटीमुळे राहिले. पडद्याच्या मध्यबिंदूखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरू लागल्या की सरळ रेषा वाकड्या दिसतात. हे ओळखण्यासाठी त्यांनी १९४० च्या दशकात आडव्या-उभ्या रेघांचा एक तक्ता प्रसिद्ध केला, ज्याच्या मध्यावर एक ठिपका असतो. त्या काळी या रोगावर उपचार नव्हता; तक्ता केवळ वाईट बातमी सांगे. सुमारे २००५-०६ पासून डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आली, आणि पाझर लवकर थांबवला तर दृष्टी टिकवता येऊ लागली. तेव्हापासून हा कागद कामाचा झाला. नेत्रवैद्याकडे तो फुकट मिळतो. तो हाताशी नसेल तर चष्मा लावून आणि एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, समोरच्या खिडकीचे गज पाहावेत. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईटाचे झाकून घेतो, आणि महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. आमच्या इंदूरच्या जुन्या वाड्यातील गज मुळातच थोडे वाकलेले आहेत. म्हणून आम्ही दर रविवारी सकाळी समोरच्या बँकेच्या लोखंडी जाळीकडे पाहतो.